चित्रातल्या दोघांच्या मनात काय चाललंय? चेहरा सगळ्यात शेवटी बघा

प्रेमाचं चित्र समोर ठेवलं आणि विचारलं की या दोघांच्यात काय चाललंय, तर बहुतेक जण थेट चेहऱ्याकडे बघतात आणि एक शब्द टाकून मोकळे होतात. "प्रेम." "विरह." "लाजतेय ती." झालं, चित्र संपलं, पुढचं दाखवा. आम्ही चार-पाच जण रविवारी सकाळी एकच चित्र घेऊन बसतो, चहा संपेपर्यंत दुसरं काढायचं नाही एवढाच नियम, आणि नवीन आलेला प्रत्येक जण हीच चूक करतो. एकदा तो शब्द तोंडातून गेला ना, की मग डोळे नवीन काही बघतच नाहीत, त्याच शब्दाला पुरावे गोळा करत बसतात.

मीही केलीये. एका मैत्रिणीच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी फ्रान्चेस्को हायेझचं 'द किस' पाठवलं होतं, १८५९ चं, मिलानच्या ब्रेरा गॅलरीत असतं ते, खाली "असेच राहा दोघं" वगैरे लिहून. नंतर कधीतरी लॅपटॉपवर मोठं करून बघितलं तर त्या माणसाचा एक पाय पायरीवर चढलेला, अंगावरच्या झग्यातून कट्यारीची मूठ डोकावतेय आणि डावीकडे अंधारात कोणाची तरी आकृती. म्हणजे तो निघालाय, बहुतेक लपूनछपून, परत येईल की नाही तेही माहीत नाही. मैत्रिणीला अजून सांगितलेलं नाही.

तर खाली जो क्रम दिलाय तो याच चुकीतून आलाय. पाय, हात, अंतर, नजर, वस्तू, तिसरं कोणी, आणि मग चेहरा. गोष्ट त्याच्याही नंतर. क्रम बदलला तर काय बिघडतं ते त्या त्या ठिकाणी सांगते.

## आधी तयारी

चित्र पूर्ण हवं. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो चालणार नाही, कारण तो बऱ्याचदा कापलेला असतो आणि कापताना सगळ्यात आधी जातात ते पाय, म्हणजे आपली पहिली पायरीच गेली. चित्र ज्या म्युझियममध्ये आहे त्यांच्याच साइटवरून मोठी इमेज घ्या. लांबी-रुंदी दिलेली असते, तिच्याशी आपली इमेज ताडून बघा. उदाहरणार्थ बर्टनचं जे जिन्यावरचं चित्र पुढे येणार आहे ते साधारण ९५ बाय ६० सेंटीमीटर आहे, म्हणजे चांगलंच उभं. तुमच्याकडची इमेज चौरस दिसत असेल तर तुमच्याकडे अर्धंच चित्र आहे.

मूळ कुठलं आणि छापील कुठलं ते वेगळं ठेवा. रविवर्म्याच्या बाबतीत हा गोंधळ आपल्याकडे फार होतो. तैलचित्र वेगळं, त्यावरून छापखान्यात निघालेलं ओलिओग्राफ वेगळं आणि त्यावरून कोणीतरी काढलेलं कॅलेंडर अजून वेगळं. छापताना रंग भडक होतात, चेहरे गोड होतात. कॅलेंडरवरची शकुंतला बघून "रविवर्म्याने तिला हसरी दाखवलीये" म्हणू नका, आधी मूळ चित्र शोधा.

चित्राचं नाव झाका. कॅप्शन, माहिती, खालच्या कॉमेंट, काही वाचायचं नाही. हे सगळ्यात अवघड जातं. घरातल्या कोणाला तरी इमेज शोधून पाठवायला सांगा, म्हणजे नाव दिसणारच नाही.

कागदावर दोन रकाने. डावीकडे 'दिसतंय', उजवीकडे 'वाटतंय'. पहिली दहा मिनिटं उजवा रकाना रिकामाच राहिला पाहिजे. "तिचा हात त्याच्या दंडावर आहे" हे दिसतंय. "ती त्याला अडवतेय" हे वाटतंय. हा फरक वाचायला सोपा वाटतो, पण करताना लोक पहिल्याच ओळीत घसरतात.

> थांबा: चित्र कुठल्या परंपरेतलं आहे ते आधी बघा. खाली दिलेलं बरंचसं तैलचित्र, जलरंग अशा हुबेहूब माणसं काढणाऱ्या चित्रांना लागू पडतं. राजस्थानी-पहाडी लघुचित्रांना ते जसंच्या तसं लावलंत तर फसाल. किशनगढच्या चित्रांत राधेचा डोळा लांबट आणि कमानदार असतो तो त्या शैलीचा साचा आहे, त्यात तिची त्या दिवशीची मनःस्थिती शोधू नका. बाजूने काढलेले चेहरे हीसुद्धा तिथली पद्धत, "एकमेकांकडे एकटक बघतायत" असं त्यातून काढता येत नाही. तिथे भावना कुठे असते ते पाचव्या पायरीत येईल.

## पायरी १: पाय आणि अंगाचं वजन

चेहरा हाताने झाका. खरंच झाका, स्क्रीनवर अंगठा ठेवा. आता फक्त विचारा: वजन कुठल्या पायावर आहे? पावलं कुठल्या दिशेला आहेत? धड त्याच दिशेला आहे का?

माणूस थांबलेला असेल तर वजन दोन्ही पायांवर किंवा आरामात एका पायावर असतं. निघायच्या बेतात असेल तर एक पाय आधीच पुढे गेलेला असतो आणि वरचं अंग मागे राहिलेलं असतं. हायेझचा माणूस असाच आहे, ओठ इथे आणि पाय पायरीवर. जोडप्यातल्या एकाचे पाय समोरच्याकडे आणि दुसऱ्याचे बाहेर, असं दिसलं की तेवढ्यावर खूण करून ठेवा, अर्थ आत्ता लावू नका.

लांब झग्यात, घोळदार साडीत पाय दिसतच नाहीत, मग कंबर आणि खांदे बघा. दोन्ही एका रेषेत आहेत की पीळ पडलाय? पीळ म्हणजे माणूस दोन दिशांना ओढला जातोय, निदान शरीराने तरी.

एक जुगाड सांगते, फोन उलटा धरा. चित्र उलटं झालं की 'बाई' आणि 'पुरुष' दिसायचं बंद होतं, नुसते दोन आकार दिसतात आणि कुठला आकार कुठल्यावर कललाय ते चटकन कळतं.

> तपासा: 'दिसतंय' रकान्यात निदान चार ओळी झाल्या का? आणि त्यात "प्रेमाने", "दुःखाने", "हळुवारपणे" यातला एखादा शब्द आलाय का? आला असेल तर खोडा.

## पायरी २: हात (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

तोंडाने माणूस खोटं बोलू शकतो, चित्रातला माणूस तर बोलतच नाही, म्हणून चित्रकार बरंचसं काम हातांवर ढकलतो. दोघांचे मिळून चार हात. चारही शोधा, प्रत्येकाचं एक वाक्य लिहा. एखादा हात सापडला नाही तर तेही लिहा, कारण लपवलेला हात हीसुद्धा माहितीच आहे.

जॉन एव्हरेट मिलेचं 'अ ह्युगेनॉट' हे चित्र या पायरीसाठी माझं आवडतं. १८५२ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलेलं. बागेच्या भिंतीपाशी एक तरुण आणि एक तरुणी बिलगून उभे आहेत, ती त्याच्या दंडाला पांढरं फडकं बांधतेय. चेहऱ्यापासून सुरुवात केलेल्या प्रत्येकाने आमच्याकडे "जखमेला पट्टी बांधतेय, किती काळजी" असंच म्हटलंय. आता हात मोजा. ती बांधतेय, बरोबर. पण ज्याने तिला जवळ घेतलंय त्याच माणसाची बोटं ते फडकं ओढून काढतायत. बांधणं आणि सोडणं एकाच वेळी, एकाच फडक्यावर, आणि दोघंही एकमेकांना सोडत नाहीयेत. भांडण आहे ते, आवाज न करता चाललेलं, आणि मिठीच्या आत चाललेलं. का, ते आत्ता माहीत नसलं तरी चालेल. हे एवढं आधी दिसणं महत्त्वाचं, कारण गोष्ट आधी वाचली असती तर तुम्ही हात शोधलेच नसते, गोष्टीतलं वाक्यच चित्रात बघितलं असतंत.

हातांसाठी तीन प्रश्न पुरतात. हा हात पकडतोय, ढकलतोय की नुसता टेकलाय? बोटं आवळलेली आहेत की सैल? आणि समोरच्याचा हात याला उत्तर देतोय का? तिसरा प्रश्न लोक विसरतात. एकाने हात धरलाय आणि दुसऱ्याची बोटं सैल लोंबतायत, हे 'हातात हात' नव्हे.

आता बर्टन. फ्रेडरिक विल्यम बर्टनचं 'बुरुजाच्या जिन्यावरची भेट', १८६४, जलरंग, डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत. उजेडाने रंग उडू नयेत म्हणून आठवड्यातून मोजके तासच उघडं ठेवतात, त्यामुळे आपल्यासारख्यांना स्क्रीनशिवाय पर्याय नाही. दगडी गोल जिना, अरुंद. चिलखतातला एक योद्धा आणि निळ्या झग्यातली एक तरुणी एकमेकांना ओलांडून चाललेत. त्याने तिचा एक हात, म्हणजे खरं तर दंडापासूनचा अख्खा हात, स्वतःकडे घेऊन त्यावर तोंड टेकवलंय. तिने तो हात काढून घेतलेला नाही, पण ती वळलेलीही नाही. दोघांमध्ये जोडलेलं काय आहे, तर तेवढा एक हात. बाकी सगळं अंग आपापल्या वाटेला.

> थांबा: स्पर्श दिसला की लगेच 'जवळीक' लिहू नका. स्पर्श कुठे संपतो ते बघा. बर्टनमध्ये तो दंडावरच संपतो.

## पायरी ३: मधलं अंतर

दोन माणसांच्या मधली रिकामी जागा हीच एक आकृती आहे असं समजून तिच्याकडे बघा. ती कुठे रुंद आहे, कुठे निमुळती, आणि तिच्यात काय ठेवलंय?

फ्रेंच चित्रकार एदुआर मानेचं 'इन द कॉन्झर्व्हेटरी' काढा, १८७९, बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत आहे. झाडांच्या काचघरात एक बाई बाकावर बसलीये, बाकाच्या पाठीवर रेलून एक पुरुष तिच्याकडे झुकलाय, हातात सिगार. त्याचा हात आणि तिचा हात जवळजवळ चित्राच्या मध्यावर आलेत, दोन्ही हातांवर अंगठ्या, आणि मध्ये थोडीशी फट. लागत नाहीत. शिवाय दोघांच्या मध्ये बाकाची पाठ. ती भलतीकडेच बघतेय.

इथे आमच्यात दरवेळी दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते संसार थंड पडलाय, दुसरी म्हणते अहो वीस वर्षं सोबत असलेली माणसं अशीच बसतात, सारखं एकमेकांकडे बघत बसायला ते काय कॉलेजात आहेत का. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण फट आहे ती आहे, ती मी नाकारू शकत नाही. मॉडेल म्हणून बसलेले दोघं खऱ्या आयुष्यात नवरा-बायको होते. त्यानेही काही सुटत नाही, कारण दोन्ही पार्ट्या तीच गोष्ट आपल्या बाजूने वापरतात. अशा वेळी दोन्ही अर्थ लिहून ठेवायचे, घाईने एक खोडायचा नाही. पुढच्या पायऱ्यांत एखादी वस्तू, एखादी नजर पारडं झुकवते, किंवा झुकवत नाही आणि मग चित्रकाराला ते तसंच ठेवायचं होतं असं म्हणायला जागा राहते.

## पायरी ४: नजर

आता डोळे, पण फक्त दिशा. भाव नाही. प्रत्येकाच्या डोळ्यापासून एक रेघ काढा, कागदावर काढलीत तर उत्तम, ती कुठे जाऊन आदळते बघा. समोरच्याच्या डोळ्यावर? हातावर? जमिनीवर? चित्राच्या बाहेर?

आणि मग ही रेघ पायरी २ च्या हातांशी जुळवून बघा. हात एक काम करतायत आणि डोळे भलतीकडे आहेत असं दिसलं तर समजा सापडलं.

याचं आपल्या घरातलं उदाहरण म्हणजे रविवर्म्याची काटा काढणारी शकुंतला. आमच्या आजोळी माजघरात ती फ्रेम होती, धुराने पिवळी पडलेली, आणि आम्हा पोरांना वाटायचं बिचारीच्या पायात काटा गेलाय. एकदा मी आजीला विचारलं की खूप दुखतंय का गं तिला, तर आजी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "काटा काढणारी पायाकडं बघंल का मागं बघंल?" बस. आजीने चौथी पायरी एका वाक्यात उरकली होती. हात पावलाकडे गेलाय, पाऊल उचललंय, सख्या पुढे चालल्यात, आणि मान? मान मागे वळलेली. रेघ काढलीत तर ती पावलाला शिवतही नाही, सरळ चित्राच्या बाहेर जाते.

आणि तिथे दुष्यंत आहे, म्हणजे असणार. चित्रात तो नाहीच. दोघांच्या नात्याचं चित्र आणि त्यातला एक जण फ्रेमबाहेर. नवशिके इथे अडकतात की हे दोन पात्रांचं चित्र कसं म्हणायचं. म्हणायचं, कारण तिच्या मानेचा कोन दुसऱ्या पात्राशिवाय समजूच शकत नाही.

याला कालिदासाचाच आधार आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकाच्या शेवटी ती दर्भाचं टोक पायाला लागल्याचं आणि वल्कल फांदीत अडकल्याचं निमित्त करून रेंगाळते. दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाला तेच सांगतो, वर सांगतो की वल्कल अडकलेलं नसतानाही ती सोडवत उभी होती. म्हणजे त्याला कळलं होतं. आपण गोष्ट आठव्या पायरीला वाचणार आहोत, पण ही सगळ्यांना माहीतच असते म्हणून आत्ता सांगितली.

> तपासा: हात आणि नजर एकाच गोष्टीवर आहेत की वेगवेगळ्या? दोघांपैकी कोण कोणाकडे बघतंय आणि ते दुसऱ्याला माहीत आहे का? हा दुसरा प्रश्न फार उपयोगी आहे. न कळत बघितलं जाणं आणि बघतायत हे माहीत असून मान खाली घालणं, या दोन पूर्ण वेगळ्या अवस्था आहेत.

> नेहमीची चूक: मान खाली घातलेली बाई दिसली की 'लाज'. खाली मान ही लाज असू शकते, राग असू शकतो, रडू लपवणं असू शकतं, नकारही असू शकतो. मान कशी खाली आहे ते खांद्यांवरून ठरवा. खांदे सैल असतील तर वेगळं, आवळून वर आले असतील तर वेगळं.

## पायरी ५: वस्तू, जागा, हवा

हुबेहूब माणसं काढणाऱ्या युरोपियन चित्रांत ही पायरी लवकर आटपा. मोजक्या वस्तू बघा, ज्या कोणीतरी नुकत्याच हाताळल्यात अशा. बर्टनच्या जिन्यावर फुलाच्या पाकळ्या पडल्यात, पडल्यात म्हणजे आधी कोणाच्या तरी हातात फूल होतं. मानेच्या काचघरातल्या बाईने एका हातातला मोजा काढलाय. अशा वस्तूंना 'आत्ताच' लागलेला असतो, त्या गेल्या मिनिटात काय झालं ते सांगतात. बाकी पडदे, झाडं, फुलदाण्या सोडून द्या. आणि कृपा करून 'लाल म्हणजे प्रेम, पांढरा म्हणजे पावित्र्य' असली यादी घेऊन बसू नका. रंगाचा अर्थ त्या चित्रातल्या बाकीच्या रंगांवरून लागतो, यादीवरून नाही.

जागेचा विचार मात्र करा. बर्टनने जिना का निवडला असेल? बागेत, दालनात दोन माणसं भेटली तर थांबू शकतात, बसू शकतात. अरुंद गोल जिन्यावर थांबायला जागाच नाही, कोणीतरी येईल, एकाला वर जायचंय एकाला खाली. त्या जागेमुळेच ती भेट दोन-चार क्षणांची झालीये.

लघुचित्रांत उलटं आहे. तिथे ही पायरी पहिली घ्या, कारण चेहरे साच्यातले असतात आणि भावना बाहेर मांडलेली असते. ढग दाटलेत का, वीज आहे का, झाडाला वेल बिलगलीये का, पक्ष्यांची जोडी आहे की एकटा पक्षी, शेज मांडलीये पण रिकामी आहे का. अष्टनायिका, म्हणजे प्रेमातल्या आठ अवस्थांतल्या आठ नायिका, माहीत असतील तर काम निम्म्यावर येतं. दार-शेज सजवून वाट बघणारी वासकसज्जा, पावसापाण्यात साप-विजा तुडवत रात्री त्याच्याकडे निघालेली अभिसारिका, आणि सकाळी उगवलेल्या नायकाच्या अंगावर दुसरीच्या खुणा बघून तोंड फिरवलेली खंडिता. खंडिता आणि वासकसज्जा दोघींचे चेहरे अगदी सारखे असू शकतात, फरक शेजेत, उजेडात आणि नायक कुठे उभा आहे त्यात असतो. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या लघुचित्रांच्या दालनात जाऊन याची प्रॅक्टिस करा, एका तासात दोन चित्रं, जास्त नाही.

## पायरी ६: तिसरं कोणी आहे का

सखी, दासी, दारातली सावली, कुत्रं, काहीही. तिसऱ्यामुळे दोघांचं वागणं बदलतं. शकुंतलेला निमित्त का करावं लागलं? कारण सोबत सख्या आहेत, नाहीतर ती सरळ वळून बघत उभी राहिली असती. लघुचित्रातली सखी बहुतेक वेळा निरोप्या असते, तिचा हात कोणाकडे दाखवतोय बघा, दोघं न बोललेलं ती बोटाने बोलून टाकते.

तिसरं कोणी नसेल तर पुढे चला.

## पायरी ७: आता चेहरा

अंगठा काढा. एवढं सगळं झाल्यावर चेहरा बघितलात की एक गंमत होते, चेहरा पहिल्यापेक्षा कमी सांगतो असं वाटतं. बरोबरच आहे. चांगला चित्रकार चेहरा मुद्दाम अर्धवट ठेवतो. हायेझच्या माणसाचा चेहरा टोपीने बराचसा झाकलाय. बर्टनच्या योद्ध्याचे डोळे मिटलेत आणि ती तोंड फिरवून उभी आहे, म्हणजे आख्ख्या चित्रात नजरेला नजर नाहीच. चेहऱ्यापासून सुरू करणाऱ्याला तिथे काही हाती लागत नाही आणि मग तो स्वतःच्या मनातलं भरतो.

चेहऱ्यावर फक्त एवढं बघा: जे शरीराने सांगितलं त्याला चेहरा दुजोरा देतोय की विरोध करतोय? विरोध असेल तर शरीराच्या बाजूने राहा.

> तपासा: आता उजवा रकाना भरा. प्रत्येक 'वाटतंय' पासून डावीकडच्या एखाद्या ओळीला बाण काढा. ज्याला बाण मिळत नाही ते चित्रातलं नाही, तुमचं आहे. ते वाईट नाही, फक्त वेगळ्या कागदावर लिहा. आमच्यातल्या एकाला प्रत्येक चित्रातला पुरुष फसवणारा दिसतो, आता आम्ही कारण विचारत नाही.

## पायरी ८: गोष्ट वाचा

आता नाव उघडा, माहिती वाचा.

मिलेचं फडकं उलगडतं. १५७२, पॅरिस, सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशीची कत्तल. दंडाला पांढरं फडकं ही कॅथलिक असल्याची खूण, ती असेल तर जीव वाचेल. तरुण ह्युगेनॉट म्हणजे प्रोटेस्टंट आहे. ती त्याचा जीव बांधतेय आणि तो आपला धर्म सोडायला तयार नाही. बघा, हातांचं भांडण आपल्याला आधीच दिसलं होतं, गोष्टीने फक्त कारण दिलं. पण 'पट्टी बांधतेय' म्हणणाऱ्याला सगळंच खोडावं लागलं.

बर्टनची गोष्ट एका जुन्या डॅनिश पोवाड्यातली. हेलेलिल आपल्या रक्षकाच्या, हिल्डेब्रँडच्या प्रेमात पडते, बाप आपल्या सात मुलांना त्याला मारायला पाठवतो, तो बापाला आणि सहा भावांना मारतो, सातव्या धाकट्यासाठी ती मध्ये पडते, आणि शेवट कोणाचाच चांगला होत नाही. यातलं काय रंगवलं? तलवारी नाही, मुडदे नाही. त्याच्या आधीचं, जिन्यावरचं ओलांडून जाणं. गोष्ट वाचल्यावर विचारायचा प्रश्न हाच, की एवढ्या सगळ्यातून हाच क्षण का घेतला? रक्तपात घेतला असता तर दोघांनी एकमेकांना काय न सांगता सोडलं ते दिसलंच नसतं.

> थांबा: गोष्टीत आहे म्हणून चित्रात आहे असं नाही. "ती घाबरलीये कारण भाऊ येणार आहेत" असं लिहायचं असेल तर भीती चित्रात दाखवा. नसेल दाखवता येत तर ते पोवाड्यातलं आहे, चित्रातलं नाही.

## पायरी ९: एक वाक्य लिहा

प्रेम, विरह, वेदना, ओढ, व्याकुळ, हे पाच शब्द बंद. क्रियापदं वापरा. कोण काय करतंय, कोण काय टाळतंय, मध्ये काय अडलंय.

माझं बर्टनवरचं वाक्य तीनदा बदललं. पहिलं होतं "दोघं शेवटचा निरोप घेतायत", ते फेकलं, कारण ते हजार चित्रांना चालेल. शेवटी हे राहिलं: "तो जाता जाता तिचा हात तेवढा धरून थांबलाय, ती हात सोडवत नाही पण वळतही नाही, कारण वळली तर दोघांनाही पुढे जाता येणार नाही." 'कारण' नंतरचं माझं आहे, बाण थोडा कच्चा आहे, मान्य. त्याआधीचं चित्राचं.

वाक्य झालं की दुसऱ्या एखाद्या चित्राखाली ठेवून बघा. तिथेही फिट बसलं तर परत पायरी २ ला.

## अडलात तर

काहीच दिसत नाही, दोघं नुसते गोड हसतायत. शक्य आहे. काही चित्रांत न बोललेलं काही नसतंच, सगळं बोलून टाकलेलं असतं. तासभर उकरत बसू नका, दुसरं चित्र घ्या.

वाद मिटत नाही. दोघांनी आपापल्या बाणांची अदलाबदल करा, मताची नाही. बऱ्याचदा एकाने एखादा हात बघितलेलाच नसतो.

दोघंही पाठमोरे आहेत. कास्पार डेव्हिड फ्रीडरिखच्या 'चंद्राकडे बघणारे स्त्री-पुरुष' मध्ये तसंच आहे, हेही बर्लिनलाच, मानेच्या चित्राच्याच म्युझियममध्ये. चेहरे नाहीत, नजर चंद्राकडे गेलीये म्हणजे तीही एकमेकांत नाही. पायऱ्या १ ते ३ एवढ्याच करा. तिचा एक हात त्याच्या खांद्यावर टेकलाय, पकडलेला नाही, ओढत नाही, आणि तो वळूनही बघत नाही कारण तो हात तिथे असणार हे त्याला माहीत असल्यासारखं उभं आहे त्याचं अंग. आमचा त्या रविवारचा चहा गार झाला होता, आणि 'दिसतंय' रकान्यात फक्त सहा ओळी होत्या.